मस्कतवाल्याची मूठ

पहिल्या आठवड्यात मी फोरमवरच्या प्रत्येक माणसाला प्रत्येक निरोपाची पोच दिली.

यात माझा दोष थोडा, सवयीचा जास्त. उभी नोकरी जळगावच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात गेलेली. कागद आला की शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा आणि पोच द्यायची. पोच दिली नाही तर माणूस दाराशी उभा राहतो, हे मला पोटापाण्याइतकं पक्कं माहीत. म्हणून फोरमवर कुणी लिहिलं, ‘नमस्कार मंडळी, इथे आज बर्फ पडला’, की मी लगेच एका बोटाने टाइप करायचो : ‘पोचले.’ कुणी भरताच्या वांग्यांबद्दल विचारलं, ‘पोचले.’ मला वाटायचं, ही पोच त्या एकट्या माणसाला जाते. ती जायची सगळ्यांना. अमेरिका, कॅनडा, आखात, पुणे, जिथे म्हणून आपली माणसं होती तिथे.

कॅनडातल्या एका डॉक्टरांनी शेवटी लिहिलं, ‘भाऊ, सकाळी पेटी उघडली तर निरोपांचा ढीग. मला वाटलं गावाकडे काही बरंवाईट झालं. हातपाय गार पडले. उघडून बघतो तर बठ्ठं, सगळंच, पोचले, पोचले, पोचले! काय पोचलं ते तरी सांगा!’

त्यालाही पोच द्यायला माझं बोट उचललं होतं. बायकोने मनगट धरलं.

आता एवढ्या हुशार माणसाला फोरमचा मॉडरेटर कुणी केलं, हे सांगायला हवं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझा आतेभाऊ अमेरिकेत इंजिनिअर. परदेशात पांगलेल्या खान्देशी माणसांना बोलायला एक जागा असावी, म्हणून त्याने हा फोरम काढला. जागा मिळाल्याबरोबर माणसं बोलली कमी, भांडली जास्त. भरतात शेंगदाणे घालायचे की नाही, यावरून रावेरकडचे आणि धुळ्याकडचे महिनाभर एकमेकांचं तोंड बघेनात. आणि तोंड तर कुणीच कुणाचं पाहिलेलं नव्हतं. तेव्हा आतेभावाने ठरवलं, की प्रत्येक निरोप आधी एका माणसाने वाचायचा, बरा असला तर पुढे सोडायचा, नसला तर अडवायचा. आणि तो माणूस गावाकडचा असावा, म्हणजे परदेशातले कुणी त्याच्यावर रुसणार नाहीत. सुट्टीत आला तेव्हा तो स्वतःचा जुना कॉम्प्युटर आमच्या पुढच्या खोलीत मांडून गेला. जाताना म्हणाला, “दादा, तुला काही करायचं नाही. फक्त दारावर बसायचं.”

दारावर बसण्यातच माझी हयात गेलेली. मी हो म्हणालो.

सकाळी सहाला, फोन कुणाला लागायच्या आत, मी बसायचो. आधी ते मोडेम किंचाळायचं. शेजारचे आबा पहिल्या दिवशी भिंतीवर थाप मारून म्हणाले, “मांजर अडकलं का रे कुठे?” मग आवाज थांबायचा आणि पडद्यावर एकेक निरोप उतरायचा. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. ती मी मोठ्याने वाचल्याशिवाय मला कळायची नाही. त्यामुळे स्वयंपाकघरात बायकोलाही सगळा फोरम ऐकू यायचा.

खरं सांगतो, मी थक्क व्हायचो. रोज. आमच्या कचेरीत खालच्या मजल्यावरचा कागद वरच्या मजल्यावर यायला आठवडा लागे. आणि इथे कुणी बाई अमेरिकेत विजेच्या शेगडीवर वांगं भाजते, धुराने इमारतीची घंटा वाजते, आगीचा बंब येतो, आणि बंबवाले अजून जिन्यात असतील तोवर ती बातमी जळगावात माझ्या चहाच्या कपाशेजारी. वर तिचा प्रश्न : ‘भरीत टाकून द्यावं लागलं नाही. पण धुराचा वास जास्त झाला तर काय करायचं?’ स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, “दही घाल म्हणावं.” मी ते टाइप करायचो. घटकाभराने तिकडून आभार. बायको पदराला हात पुसत बाहेर येऊन पडद्याकडे बघायची. मला वाटायचं, ही आता आरती आणते की काय.

त्यात एक मस्कतवाला होता. नाव त्याने दिलं नव्हतं. कुठल्याशा बांधकामावर कंप्रेसर चालवायचा. शुक्रवारी सुट्टी, म्हणून आदली रात्रभर साहेबाच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरवर बसू द्यायचे. तो भांडणात कधी पडला नाही. दोनच ओळी लिहायचा. ‘इथे आज वारा होता. ज्वारीच्या कणसांची आठवण आली.’ असं काहीतरी. त्याच्या निरोपात अडवण्यासारखं काही नसायचं. सोडायला मात्र मी वेळ लावायचो, कारण दोनदा वाचायचो.

आषाढ संपत आला आणि त्याचा निरोप आला. नेहमीपेक्षा लांब.

‘आता कानबाई येईल. घरोघर रोटांचे गहू घेतील. मी बापाशी भांडून घर सोडलं त्याला पुष्कळ वर्षं झाली. त्याने रेल्वेत रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये चिकटवायचं ठरवलं होतं, मी ऐकलं नाही. सुरुवातीला पत्रं टाकली, उत्तर आलं नाही, मग मीही थांबलो. जाणत्यांनी सांगावं : अशा माणसाच्या नावाची मूठ घरात धरतात का?’

ज्यांच्याकडे कानबाई नाही त्यांच्यासाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, नथ घातलेली, साजशृंगार केलेली. तिच्या नैवेद्याला पुरणाचे जाड रोट. त्या रोटांचे गहू असे तसे घेत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात; मूठभर आणि वर चिमूटभर. परवा जन्मलेल्या पोराचीही धरतात. जो वारला त्याची थांबते. त्या गव्हांचे रोट फक्त घरच्या भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला त्यातला घास नाही. घराघराची रीत थोडी वेगळी, पण मूठ म्हणजे तुझी मोजदाद या घरात होते, एवढं सगळीकडे सारखं.

तेव्हा मस्कतवाला काय विचारत होता ते मला कळलं. तो गव्हांचं विचारत नव्हता.

मी निरोप सोडला. भरतापेक्षा मोठी चर्चा झाली. कुणी म्हणे, जिवंत असेतो धरतात. कुणी म्हणे, चूल वेगळी झाली की मूठ वेगळी. कॅनडातल्या डॉक्टरांनी लिहिलं, ‘माझी धरतात असं मी धरून चाललो होतो. आता रात्री झोप येणार नाही.’

आणि मग रावेरच्या नानांचा निरोप आला. केळीचे मोठे बागायतदार, वय झालेलं, बोलणं कोयत्यासारखं. ‘जो बापाला टाकून गेला त्याची मूठ कुणी धरत नसतं. त्याने कानबाईचं नाव काढू नये.’

हा मात्र माझ्याजवळ थांबला. शिवी नव्हती. आतेभावाने दिलेल्या नियमांत बसेल असं काहीच नव्हतं. मी मोठ्याने वाचला, मग पुन्हा वाचला, आणि स्वयंपाकघरातला खलबत्त्याचा आवाज थांबला.

“हा पुढे सोडू नका,” बायको म्हणाली.

“कोणत्या नियमाने अडवू?”

“नियम कशाला? ते नाना त्या घरात राहतात का?”

“नाही.”

“त्यांनी त्या घरचे गहू घेताना पाहिलं का?”

“नाही.”

“मग ज्याला माहीत नाही तो सांगतोय. आणि ज्याला सांगतोय तो तिकडे एकटा आहे. ठेवा तसाच.”

कचेरीच्या भाषेत याला प्रलंबित म्हणतात आणि त्यात माझा हात कुणी धरणार नाही. तो निरोप मी तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी नानांचा दुसरा : ‘माझा निरोप कुठे आहे? तू कोण लागून गेलास अडवणारा?’ मी पोच दिली. एकट्या नानांनाच, तेवढं मी तोवर शिकलो होतो.

पुढच्या शुक्रवारी मस्कतवाल्याने मला एकट्याला लिहिलं. गावाचं नाव दिलं, दोंडाईच्याच्या पुढचं. आळी सांगितली, दारातलं निंबाचं झाड सांगितलं. ‘भाऊ, लोकांच्या उत्तरांनी भागत नाही. तुम्ही जळगावला आहात. गहू घेतील त्या दिवशी कुणी नुसतं बघून येईल का? मी विचारलं असं सांगू नका. नसेल धरली तर तसं लिहा. मग मी वाट बघणं सोडेन.’

मी वाचून दाखवलं. बायकोने गॅस बंद केला. मग म्हणाली, “त्या आळीत माझी मावसबहीण दिली आहे.”

दारावर बसणाऱ्याने दार सोडून जायचं नसतं, असं मी म्हणून पाहिलं. तिने पिशवी भरायला घेतली होती.

गहू घ्यायच्या दिवशी पॅसेंजरने गेलो. अमळनेर गेलं, नरडाणा गेलं, बायको खिडकीत आणि मी धास्तीत. तिची एकच अट होती : “तिथे तोंड उघडायचं नाही. तुम्हाला पोच द्यायची सवय आहे.”

मावसबहिणीने काही विचारलं नाही. बायकांमध्ये काय बोलणं झालं कुणास ठाऊक. दुपारी ती आम्हाला दोन घरं सोडून पलीकडे घेऊन गेली, पाहुणे म्हणून. दारात निंब होता. ओट्यावर म्हातारा बसलेला, पागोटं मांडीवर, हात गुडघ्यावर. रेल्वेत आयुष्यभर रूळ उचललेला माणूस. मला शेजारी बसवलं. चहा आला, ताटलीत शेव आली. समोर अंगणात बायका गहू निवडत होत्या.

“काय करतस पाव्हना?” म्हाताऱ्याने विचारलं.

“कचेरीत आहे. आवक-जावक.” एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण शेव चांगली होती, जीभ सैल झाली. “आणि घरी कॉम्प्युटरवर... लोक निरोप पाठवतात, ते बघतो. लांबून लांबून येतात.”

अंगणातून बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही.

म्हाताऱ्याने चहा बशीत ओतला. फुंकर घातली. प्यायला. मग निंबाकडे बघत म्हणाला, “दुबईकडथून बी येतस का?”

माझ्या हातातली शेव ताटलीत परत गेली. मस्कत आणि दुबई यांत किती अंतर आहे मला माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं. आमच्याकडे आखात म्हणजे दुबई.

“येतस, भाऊ,” मी म्हणालो. त्याच्याच बोलीत म्हणालो, का ते माहीत नाही.

“हं,” म्हातारा म्हणाला. 

मग गहू घ्यायची वेळ झाली. त्या घरची रीत अशी, की ज्याची मूठ त्याने स्वतःच्या हाताने टाकायची. लहान पोरांची त्यांच्या बापाने. म्हातारी सुपडं धरून बसली. आधी थोरल्या मुलाने टाकली, मग त्याच्या दोन पोरांची. पोरांच्या आईने नावं घेतली. मग म्हातारा उठला, पागोटं डोक्यावर ठेवलं, वाकून गव्हाच्या राशीत हात घातला आणि स्वतःची मूठ टाकली. वर चिमूट टाकली. झालं.

मी मोजत होतो. घरात जेवढे पुरुष होते तेवढ्या मुठी झाल्या होत्या. आता हे कसं लिहायचं, आणि कोणत्या बोटाने.

म्हातारा अजून वाकलेलाच होता.

त्याने पुन्हा राशीत हात घातला आणि आणखी एक मूठ सुपड्यात सोडली. नाव घेतलं नाही. तेवढ्यात थोरला मुलगा निंबावरच्या कावळ्यांकडे बघायला लागला. सून पोराची टोपी नीट करायला लागली. मावसबहीण उठून उगाच आत गेली. सगळं अंगण दुसरीकडे बघत होतं, आणि इतकं सराईतपणे, की हे पहिलं वर्ष नाही हे मलाही कळलं. त्या घरात दरवर्षी एकदा सगळी माणसं मिळून काहीच बघत नव्हती.

फक्त म्हातारी, सुपड्यातून मान वर न करता, म्हणाली, “जराशी आखो टाका. हात मोठा शे त्याना.”

म्हाताऱ्याने आणखी थोडे गहू टाकले. “मोजस का तू?” तो खेकसला.

“मी कसाले मोजू? मी सुपडं धरी राह्यनू.”

मी आयुष्यात देवळं पाहिली, मोठे मेळे पाहिले, आतेभावाने आणलेलं ते किंचाळणारं यंत्र पाहिलं. पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. समुद्रापलीकडे एक माणूस कंप्रेसरशेजारी उभा राहून विचारत होता, माझी मोजदाद होते का. आणि इथे त्याच्या हाताच्या मापाएवढे गहू, त्याच्या बापाच्या मुठीपेक्षा चिमूटभर जास्त, सुपड्यात पडत होते. दोघांच्या मध्ये नुसता मी. ज्याला भरताची पोच नीट देता येत नव्हती असा मी.

मी तोंड उघडलं नाही. निघताना म्हाताऱ्याच्या पाया पडलो. पाहुण्याने असं पाया पडायची काही गरज नव्हती. तो जरा चमकला, मग म्हणाला, “येत जाय.”

गाडीत बायको पुन्हा खिडकीत बसली. मीच म्हणालो, “आपल्याला रोट काही खायला मिळणार नाही त्या घरचे.” ती म्हणाली, “नकोतच. ते आपले नव्हेत.”

घरी येऊन मी लिहायला बसलो. आधी दोन परिच्छेद झाले. मायेवर लिहिलं, मातीवर लिहिलं, बापाच्या काळजावर लिहिलं. बायकोने मागे उभं राहून ऐकलं आणि म्हणाली, “हे सगळं काढा. तिथे जे दिसलं तेवढंच लिहा.” काढता काढता पाच ओळी उरल्या : कुणी टाकली, कशी टाकली, आई काय म्हणाली, बाप काय म्हणाला. आणि बापाने दुबईचं विचारलं, ते.

शुक्रवार आला. मी पाचलाच उठून बसलो. मोडेम किंचाळलं, आबांनी सवयीने भिंतीवर थाप मारली. मस्कतवाल्याचा निरोप होता. एकच शब्द.

‘पोचले.’

ज्या शब्दावरून जगभरात माझं हसं झालं, तोच. मी तो मोठ्याने वाचला. पुढे वाचायला काही नव्हतं, तरी बायको स्वयंपाकघरातून येऊन वाट बघत उभी राहिली. मी पुन्हा तोच वाचला.

तासाभराने त्याचा दुसरा आला. तुमच्या त्या पाच ओळी फोरमवर टाका, गावाचं नाव नको, असं त्यात होतं. मी टाकलं. त्या दिवशी फोरमवर कुणी काही लिहिलं नाही. भरतावरसुद्धा नाही. मला वाटलं यंत्र बिघडलं; दोनदा फोनची वायर काढून लावली. दुसऱ्या दिवशी कॅनडातल्या डॉक्टरांची ओळ आली, ‘काल घरी फोन केला. आईला म्हणालो, माझी धरतेस ना? ती म्हणाली, येडा झालास का रे.’ त्याच्यामागे आणखी पुष्कळांच्या. सगळ्यांनी घरी फोन केले होते. कानबाईच्या आधीच्या आठवड्यात खान्देशातल्या किती घरांतले फोन वाजले असतील, आणि किती म्हाताऱ्या गव्हाचे हात पदराला पुसत उठल्या असतील, हे मनात आणून मी पडद्यासमोर नुसता बसून राहिलो. कचेरीला उशीर झाला. साहेबांना कारण काय सांगणार?

रावेरच्या नानांचाही निरोप आला, फक्त मला. ‘माझा तो निरोप फाडून टाक. यंदा आमच्याकडे एक मूठ वाढवली आहे. कुणाची ते विचारू नकोस.’ मी विचारलं नाही. पोच दिली.

मला वाटलं, झालं. कागद आला, निकाली निघाला. इतकं मोठं काम आपल्या हातून आयुष्यात झालेलं नाही, असं मनात येत होतं, आणि ते कुणीतरी बोलून दाखवावं म्हणून मी संध्याकाळी बायकोसमोर पुन्हा सगळी गोष्ट काढली. मूठ कशी पडली, मी कसा मोजत होतो, एक जास्त भरली तेव्हा मला कसं झालं.

ती लसूण सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, “तुम्ही मुठी मोजत होता. मी हात बघत होते. दुसरी मूठ टाकताना अर्धे गहू सुपड्याबाहेर सांडले. म्हणून ती म्हातारी म्हणाली, आणखी टाका. हात कापतो त्यांचा. त्या मस्कतवाल्याला लिहा, सुट्टी काढ म्हणावं. पुढच्या वर्षी तुझी मूठ तू टाक.”